रवाळ मलम

सासूबाई कुणाला अंगाला हात लावू देत नव्हत्या. नर्सबाईंनी बजावलं होतं, "टाचांना, कोपरांना रोज दोनदा शिआ बटर चोळा. कातडी एकदा फाटली की भरून यायची नाही." पण मी डबी घेऊन गेले की त्या पाय आखडून भिंतीकडे तोंड फिरवायच्या. चार महिन्यांपासून मला ओळखतही नव्हत्या. मी तरी काय करणार, कपाळ!

आमचा मलमांचा कारखाना त्यांनीच एका पातेल्यात सुरू केलेला. तेव्हा आमचं रोज वाजायचं. शिआ बटर म्हणजे आफ्रिकेतल्या बियांचं घट्ट तूप; ते वितळवलं की झटपट थंड करावं लागतं; रेंगाळलं की बारीक रवा धरतो. या बाई मुद्दाम ओट्यावर निवत ठेवायच्या. मी म्हणायची, "आई, गिऱ्हाईकं नाकं मुरडतात." त्या म्हणायच्या, "मुरडू देत. रवा विरेपर्यंत चोळत बसावं लागतं. तेवढा वेळ तरी कुणी कुणाजवळ बसतं." हट्टीपणात दोघी एकाच माळेचे मणी! शेवटी मी थंड करायचं मशीन आणलंच. मलम लोण्यासारखं झालं, खप वाढला, भांडण थांबलं. खरं सांगायचं तर बोलणंही थांबलं.

परवा दुकानदाराशी फोनवर हुज्जत घालताना पातेलं ओट्यावरच राहिलं. सगळा घाणा रवाळ! स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. पुन्हा वितळवायला वेळ नव्हता, म्हणून तसंच वाटीत घेऊन त्यांच्याकडे गेले.

त्या उशीला टेकून बसल्या होत्या. वाटीत बोट घातलं, चिमटीत रवा चोळून पाहिला. मग माझाच हात ओढून घेतला आणि तळहात चोळायला लागल्या, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत चोळायच्या अगदी तसा.

"किती राठ झालाय गं हात! सासू फार राबवते वाटतं?"

"भांडायची फार," मी म्हटलं. "आता भांडत नाही. करमत नाही हो मला."

"मग तूच जा की बोलायला. म्हाताऱ्या माणसाशी कसला गं अबोला?"

मला रडू आवरेना. रवा कधीच विरला होता, तरी त्या चोळतच होत्या. मोकळ्या हातानं मी त्यांची टाच मांडीवर घेतली, मलम लावलं. त्यांनी पाय आखडला नाही.

जरा वेळानं म्हणाल्या, "माझं ऐक. आजच जाऊन बस तिच्याजवळ."

"बसलेय, आई," मी म्हटलं.