पाटीवरचा आकडा

घरातला नियम त्यानेच केला होता. रस्त्यावरच्या पाटीवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा दोनशेच्या खाली असेल, तरच भिंगरीला मैदानावर सोडायचं. वर असेल तर खिडक्या बंद, तोंडाला मास्क आणि दम्याचा पंप हाताशी. भिंगरी म्हणजे त्याची नऊ वर्षांची लेक, पायात वारा आणि छातीत दमा. थंडी सुरू झाल्यापासून हवेचा आकडा तीनशेच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हता. शाळेच्या धावण्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली, त्यामुळे पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. पण बायकोने नियम मोडला नाही. नवऱ्याने सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, अशी ती भाबडी.

तो पाण्याचा टँकर चालवायचा. टँकरच्या पाठीवर भला मोठा पंखा, त्यातून बारीक तुषार उडायचे. रस्तोरस्ती फिरून धूळ खाली बसवायची, हे काम. त्या सकाळी साहेबांनी वेगळंच फर्मान काढलं.

"मोठे पाहुणे तपासणीला येतायत. चौकातल्या हवा मोजायच्या मीटरपाशी टँकर लाव आणि दुपारपर्यंत हलू नकोस."

"साहेब, मग बाकीचे रस्ते?"

"रस्त्यांवर आकडा लिहिलेला असतो का रे?"

झालं! खांबावर मीटर आणि मीटरच्या तोंडाशी तुषार. दहा पावलांवर माणसं खोकून बेजार, पण आकडा कसा भराभर उतरला! तीनशे चाळीस, दोनशे साठ, एकशे सत्तर. हाच आकडा त्या भागातल्या सगळ्या पाट्यांवर जायचा. साहेबांनी पाठ थोपटली, आणि या शहाण्याला चक्क बरं वाटलं.

दहाच्या सुमाराला बायकोचा फोन आला.

"अहो, एकशे सत्तर! शाळेच्या फाटकावरची पाटी बघतेय मी, माझ्या डोळ्यांनी. आजच निवड आहे. सोडते हं भिंगरीला."

साहेब हातभर अंतरावर उभे होते.

"अगं, मास्क तरी लाव तिला."

"मास्क लावून पळतं का कुणी? आणि नियम तुमचाच ना!"

मागून भिंगरी ओरडली, "बाबा, मी पहिली येणार!"

एकच वाक्य बोलायचं होतं, आकडा खोटा आहे म्हणून. साहेबांनी भुवई उंचावली आणि याने ते वाक्य गिळलं. एका शर्यतीने काय होतंय, अशी मनाची समजूत घातली आणि "बरं" म्हणून फोन ठेवला. बरं म्हणे! जीभ कशी झडली नाही मेल्याची?

भिंगरी तिसऱ्या फेरीत कोसळली. तो इस्पितळात पोचला तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजन होता, ओठ निळसर, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बायको पलंगाचा कठडा धरून उभी होती.

"असल्या हवेत पळवलंत तिला?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"आकडा एकशे सत्तर होता हो!"

"मग पंप कुठे होता?"

"दप्तरात, वर्गात. मीच म्हटलं, आज हवा चांगली आहे, राहू दे." बायकोने कपाळ बडवून घेतलं. "माझंच चुकलं. मीच मारलं असतं माझ्या पोरीला!"

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "हवा खराब असेल तर हिला आठवडाभर इथून हलवायचं नाही. घरी पुन्हा असा झटका आला, तर आटोपलं. हवा चांगली असेल तर उद्या न्या, खाटा कमी आहेत. नक्की आकडा किती होता?"

बायको त्याच्याकडे वळली. "अहो, तुम्ही तर चौकातच होतात. सांगा ना यांना!"

त्याची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती, अजून निथळत होती. खिशात फोन थरथरला. साहेबांचा निरोप: पाहुणे खूश. उद्यापासून आठवडाभर टँकर मीटरपाशीच, सकाळी सहाला.

"हो," तो म्हणाला, "एकशे सत्तरच होता."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

बायकोने डोळे पुसले आणि लेकीच्या केसांतून हात फिरवला. "ऐकलंस ना, राणी? उद्या घरी जायचं. पाटीवर आकडा खाली दिसला रे दिसला, की तुझ्यासाठी सगळ्या खिडक्या उघडते."