तिसरी रांग, उजवीकडून पाचवी

ताकद नव्वद, क्वालिटी शून्य. टीव्हीच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या दोन पट्ट्यांपैकी वरची हिरवीगार भरलेली आणि खालची ठणठणीत रिकामी, असं गेला पाऊण तास चाललं होतं. भावकू भाताच्या कापलेल्या रानात जाई, तीन पायांच्या स्टँडवरची डिशची छोटी तबकडी बोटभर फिरवी, पळत मोटरहोमच्या पायरीवर येऊन आत डोकावे आणि पुन्हा रानात जाई. ताकद भरपूर आणि क्वालिटी काहीच नाही, अशी माणसं त्यानं सरकारी बस चालवताना एकतीस वर्षांत ढिगानं पाहिली होती. यंत्र मात्र पहिल्यांदाच पाहत होता.

तारीख सव्वीस जानेवारी, वेळ सकाळचे नऊ. दिल्लीचं संचलन साडेदहाला सुरू होणार होतं आणि त्यात एका निमलष्करी दलाच्या महिला तुकडीत भावकूची लेक सौम्या चालणार होती. खानापुराकडच्या त्याच्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. जांबोटीच्या या रानात मात्र ती फक्त भावकूला ठाऊक होती, कारण त्यानं ती कुणाला सांगितलीच नव्हती.

खरं तर आज तो घरी असायचा. बसमधून निवृत्त झाल्यावर बेळगावच्या युवराजकडं तो पाहुण्यांना सहलीसाठी भाड्यानं द्यायची ही घरासारखी गाडी चालवायला लागला होता. आत पलंग, शेगडी, बेसिन, टीव्ही, सगळं. सव्वीसची सुट्टी त्यानं महिनाभर आधी मागून ठेवली होती, पण ऐनवेळी दुसरा ड्रायव्हर तापानं पडला. युवराज म्हणाला, काका, गाडीत टीव्ही आहेच की, तिथं बसून बघा. भावकूला ते पटलं. गाडीत टीव्ही असणं आणि गाडीतल्या टीव्हीत चित्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आता पाहुण्यांना सांगून मोकळं व्हायला काय झालं होतं, असं कुणीही विचारील. झालं होतं असं, की पाहुणे होते उपेंद्र वकील आणि त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई. बेळगावातलं जुनं घराणं. वकीलसाहेबांनी चाळीस वर्षं कोर्टात वाद घातला आणि आता घरी टीव्हीशी घालत होते. बातम्या लागल्या की त्यांचं रक्त उसळे, म्हणून बाईंनीच त्यांना रानात आणलं होतं. काल गाडी लावल्या लावल्या साहेबांनी बजावलं होतं, की दोन दिवस त्या डबड्याचं तोंड बघायचं नाही. आणि ज्या माणसानं एकतीस वर्षं लोकांच्या सांगण्यावर बस थांबवली, स्वतःच्या कामासाठी एकदाही थांबवली नाही, त्याच्या तोंडून 'मला बघायचाय' एवढे शब्द काही फुटेनात.

चूक कुठं होतेय ते त्याला शेवटी उमगलं. युवराजनं शिकवलं होतं, की तबकडीचं तोंड सकाळी दहाच्या उन्हाकडं करायचं आणि त्याहून थोडं वर. त्या दिशेला बरोबर एक भलामोठा फणस उभा होता. तबकडी रानाच्या मध्यावर न्यायला हवी होती, पण वायर होती दहा मीटर. म्हणजे गाडीच पुढं घ्यायला हवी होती. आणि गाडीच्या सावलीत खुर्च्या टाकून साहेब आणि बाई चहा पीत बसले होते.

गाडी जरा पुढं घेतो म्हणाला तेव्हा साहेबांनी कारण विचारलं. भावकूनं ठोकून दिलं, की टीव्ही रोज एकदा लावून बघायचा असा मालकांचा हुकूम आहे. मग काल का नाही लावला, हुकूम तोंडी की लेखी, आणि टीव्ही बिघडला तर रानात दुरुस्त कोण करणार, असे तीन प्रश्न साहेबांनी चहाचा कप खाली न ठेवता विचारले. भावकू पायाच्या अंगठ्यानं धसकटं मोडत उभा राहिला.

"भावकू," विनोदिनीबाई म्हणाल्या, "काय आहे ते सरळ सांगा बघू."

"लेक हाय बाई," तो म्हणाला. "दिल्लीला. आज परेडमधी चालणार हाय."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग जे झालं त्यानं भावकू आणखीच गोंधळला, कारण ज्यांना डबड्याचं तोंड बघायचं नव्हतं तेच साहेब खुर्ची उचलून उन्हात निघाले. गाडी पुढं गेली. स्टँड रानाच्या मध्यावर रोवला. साहेब आत टीव्हीपुढं बसले आणि खिडकीतून ओरडून पट्टी सांगू लागले. आली. गेली. परत आली. थांबा, हलू नका, श्वासही घेऊ नका. दहा वाजून दहा मिनिटांनी क्वालिटीची पट्टी अर्ध्यावर चढली आणि दिल्लीतलं धुकं जांबोटीच्या रानात उतरलं.

सौम्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं, "तिसरी रांग, उजवीकडून पाचवी." भावकूनं ते इतक्यांदा घोकलं होतं, की काल गाडी चालवतानाही ओठ हलत होते. तुकडी आली तेव्हा तो पडद्याच्या इतका जवळ गेला, की विनोदिनीबाईंना त्याला मागं सरकायला सांगावं लागलं. बारा-बारा पोरींच्या रांगा, सारख्या टोप्या, सारखे हात, हनुवट्यासुद्धा सारख्याच वर. आपली पोर अंधारात खोकली तरी ओळखणारा हा बाप भर दिवसा दीडशे पोरींत चाचपडू लागला. तिसरी रांग सापडली. उजवीकडून एक, दोन, तीन करत पाचवीवर बोट ठेवलं आणि लगेच कॅमेरा फिरला.

"ही, ही बघा," तो म्हणाला.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भावकूचे डोळे असे भरले, की पुढचे घोडे, उंट, चित्ररथ, काहीच त्याला धड दिसलं नाही. बायको बाळंतीण होती तेव्हाही तो जांबोटीच्या गाडीवर होता आणि लेकीचं तोंड त्यानं दोन दिवसांनी पाहिलं होतं. आज मात्र वेळेवर पाहिलं, असं त्याला वाटलं आणि फार बरं वाटलं.

त्या रानात फोनला रेंज नव्हती. मैलभर चढ चढून रस्त्याकडेच्या एका खडकावर उभं राहिलं की दोन दांड्या येत. दुपारी जेवण उरकून भावकू तिथं गेला आणि आधी घरी फोन लावला. बायको जयाबाई शेजारच्या शालूबाईंच्या मोठ्या टीव्हीवर सगळ्या आळीबरोबर परेड बघून आली होती. गावभर साखर वाटून झाली होती.

"दिसली न्हवं?" तिनं विचारलं.

"दिसली की. जरा बुटकी वाटली गं मला."

"बुटकी कुठली? मला तर लई उंच वाटली."

"टोपीमुळं आसंल," भावकू म्हणाला.

"व्हय, टोपीमुळंच," जयाबाईनं लगेच मान्य केलं. नवरा-बायकोंत एवढ्या सहज काही मान्य व्हायची पद्धत नव्हती. फोन ठेवल्यावर भावकूला ते जरा खटकलं, पण एवढ्यात सौम्याचाच फोन आला.

"अण्णा, टीव्ही बघितलासा?"

"बघितला की. तुला बी बघितलं. लई झ्याक चाललीस."

रेंज गेली असं समजून त्यानं खडकावर जागा बदलली.

"मी न्हवतेच अण्णा त्यात," सौम्या म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. परवाच्या सरावात तिचा घोटा मुरगळला होता. तिनं दोन दिवस कुणाला कळू दिलं नाही, पण आज पहाटे तीन वाजता तुकडीच्या साहेबांनी सगळ्यांना चालवून बघितलं आणि तिला बाहेर काढलं. फोन जमा केलेले, म्हणून आत्तापर्यंत कळवता आलं नाही. संचलन तिनं कडेला, सामानाच्या ट्रकाशेजारी उभं राहून ऐकलं. दिसत काहीच नव्हतं.

"लई सुजलाय काय गं?" भावकूनं विचारलं.

"हाय थोडा. अण्णा, आईला एवढ्यात सांगू नकासा. मार्चात सुट्टीवर आल्यावर मीच सांगते."

"बरं," तो म्हणाला. "मग तुझ्या जाग्याला कोण हुती?"

"रुआती म्हणून हाय. मिझोरामची. माझ्या शेजारच्या खाटंवर झोपती. ती राखीवमधी हुती, तवा तिच्या घरच्यांना ठाऊकच न्हाय ती आज चालली म्हणून. मगाशी मला म्हणाली, एवढं चालले, पर माझं म्हणून कुणी बघितलंच न्हाय."

आपण सकाळी रडलो ते कुणाला बघून रडलो, आणि बायकोनं साखर वाटली ती कुणाची, याचा भावकूला मेळ लागेना. लेकीचं वाईट वाटत होतं, आणि त्यातच त्या न पाहिलेल्या पोरीचंही वाटत होतं, आणि एका वेळी दोघींचं कसं वाटावं हे त्याला कळत नव्हतं. पण बाप होता, आणि बापानं काहीतरी बोलायला हवं होतं.

"तिला सांग," तो म्हणाला, "माझ्या अण्णानं बघितलं म्हणून. तिसरी रांग, उजवीकडून पाचवी. डोळं भरून बघितलं म्हणावं."

सौम्या रडत होती की हसत होती ते कळलं नाही. फोन ठेवता ठेवता भावकूच्या मनात एक शंका आली.

"उजवीकडून म्हंजे टीव्हीत उजवीकडं न्हवं?"

"न्हाय अण्णा. आमच्या उजवीकडून. टीव्हीत ती डावीकडं दिसणार."

आरशात बघून घाटात बस मागं घेणारा हा माणूस लेकीच्या वेळेला मात्र उजव्या-डाव्यात फसला होता. म्हणजे सकाळी त्यानं बोट ठेवलं ती सौम्या नव्हती आणि रुआतीही नव्हती. ती तिसरीच कुणीतरी, तिचा बाप तिच्या गावात बसून तिला बघत असणार. आणि रुआतीला निरोप गेला होता की बघितलं म्हणून. परेड परत कधी दाखवतात ते त्यानं विचारलं. दुपारी चारला दाखवतात म्हणे, असं सौम्या म्हणाली.

साडेतीन वाजले होते. साठीचा माणूस तो मैलभराचा उतार जवळजवळ पळतच उतरला. गाडीपाशी विनोदिनीबाई कुंद्याचा डबा उघडून त्याची वाट बघत होत्या. एवढा आनंदाचा दिवस, तोंड गोड करा म्हणाल्या. सकाळी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता तो भावकू डब्याला हात न लावता सरळ साहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, टीव्ही लावायचा हाय. मला बघायचाय."

साहेब म्हणाले, अहो, सकाळी पाहिलं की. त्यावर भावकू म्हणाला, सकाळी चुकीची दाखवली, उजवं-डावं झालं. साहेबांनी उलटतपासणी घेतली नाही. तबकडी रानात तशीच उभी होती, फक्त तिच्या सावलीत एक गाय येऊन बसली होती. तिला हुसकलं, टीव्ही लावला. क्वालिटीची पट्टी या वेळी पहिल्या झटक्यात चढली.

तुकडी आली. भावकूनं डावीकडून मोजलं, घाई न करता, प्रवासी मोजावेत तसं. पाचवी. कॅमेरा नेमका तिच्यावरून हळू सरकला. गोल चेहरा, बारीक डोळे, गालांची हाडं वर आलेली. हीसुद्धा बुटकीच होती, पण चालत होती अशी, की जणू सगळी रांग तिच्याच भरवशावर चाललीय.

"ही बघा बाई," तो म्हणाला. "नीट बघा."

विनोदिनीबाईंनी पडद्याकडं पाहिलं, मग भावकूकडं पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

"भावकू, ही तुमची..."

"न्हाय बाई. रुआती म्हणत्यात हिला. मिझोरामची हाय. हिच्या घरात कुणाला ठाऊकच न्हाय हिनं चाललेलं."

"आणि सौम्या?"

"तिचा पाय मुरगळला. ती कडंला उभी हुती. तिकडं कॅमेरा जात न्हाय."

साहेब खुर्ची ओढून पडद्याच्या जवळ सरकले आणि चष्मा पुसून त्या पाचव्या पोरीला बघू लागले. बाईही वाकल्या. तुकडी पडद्याच्या कडेला जाऊन दिसेनाशी होईपर्यंत तिघंही तसेच बसून होते.

मग भावकू उठला. आता रुआतीला खरंच बघितलं म्हणून सांगायला हरकत नव्हती. त्यानं चपला घातल्या, फोन खिशात टाकला, आणि दुपारपासून दुसऱ्यांदा त्या चढाकडं चालू लागला.