नानानच्या पुडिंगचा मान

मी अर्लीन. माझ्या हाताला चव आहे, हे मी स्वतःच सांगते. दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसायला मला कधी सवड नव्हती.

लुईझियानातल्या आमच्या गावात नाताळच्या जेवणातल्या प्रत्येक पदार्थाचा मान ठरलेला असतो. गंबोचा दाट रस्सा कुणी रांधायचा, भात कुणी, रताळी कुणी, हे घरातलं वडीलधारं माणूस ठरवतं आणि एकदा मिळालेला मान सहसा मरेपर्यंत सुटत नाही. आगाऊपणा करून कुणी दुसऱ्याचा पदार्थ आणलाच, तर लोक तोंडभर कौतुक करतात आणि त्याला शिवतही नाहीत.

ब्रेड पुडिंगचा मान नानानचा. नानान म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरणारी माझी धर्ममाता; तिचं नाव ओझीत. मला कळायला लागल्यापासून नाताळचं पुडिंग तिचंच. म्हणून नोव्हेंबरात पूर्वजांच्या थडग्यांना चुना लावताना ती हातातला ब्रश न थांबवता म्हणाली, "यंदा पुडिंग अर्लीन करेल," तेव्हा माझ्या हातून बादली कलंडली. शेजारी माझी चुलतबहीण व्हर्लीन होती. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आणि बिघडलं तर?" तिनं विचारलं.

"तर पुढच्या वर्षीपासून तू," नानान म्हणाली. "आता त्या कोपऱ्याला चुना लाव. तुझ्या आजोबांचे पाय राहिलेत."

व्हर्लीन पुडिंगात डब्यातला अननस घालते. तिच्याबद्दल आणखी काही सांगायला नको.

नानाननं मान का सोडला, यावर गावभर तर्क चालले. कुणी म्हणालं डोळे गेले, कुणी म्हणालं डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय. तिला विचारायची छाती मात्र कुणाची झाली नाही. मला त्याची फिकीर नव्हती. पुडिंग मला येत होतं, आणि अननसाच्या हाती ते जाऊ द्यायचं नव्हतं.

पुडिंगचं सगळं मर्म पावात असतं. आमचा लांब फ्रेंच पाव, वरून कुरकुरीत, आत हलका. तो उघड्यावर वाळून टेबलावर आपटला तर वाजला पाहिजे. ताजा पाव दुधात घातला की त्याची लापशी होते. ओव्हनमध्ये घाईनं वाळवला तर नानानला एका घासात कळतं. मी आठवड्याच्या सुरुवातीलाच पाव आणून फ्रिजवर ठेवले होते.

नाताळच्या सकाळी उठले तर स्वयंपाकघरात लोण्याचा घमघमाट. माझा नवरा क्लोव्हिस साखर कारखान्यात आहे. गळीत हंगाम चालू होता, तो रातपाळी करून आला होता. त्यानं माझ्यापुढे ताट ठेवलं. अंड्यादुधात बुडवून तव्यावर भाजलेले पावाचे काप, वरून काकवी. आम्ही त्याला हरवलेला पाव म्हणतो.

"बस, गरम आहे तोवर खा," तो म्हणाला.

"क्लोव्हिस, हा पाव कुठला?"

"फ्रिजवरचा. दगड झाला होता अगदी. म्हटलं, वाया कशाला घालवायचा?"

"सगळा?"

"शेजारच्यांना पण दिला थोडा. सण आहे."

दुसऱ्या कुठल्या गावचा नवरा असता तर त्यानं तो शिळा पाव कचऱ्यात टाकला असता, आणि मी तो उचलून तरी आणला असता. आमच्याकडच्या माणसाला शिळा पाव दिसला की तो तवा तापत ठेवतो. ओरडणार तरी कुणावर? बेकऱ्या बंद. मी एक काप खाल्ला. चांगला झाला होता, म्हणून आणखीच राग आला.

मग मी सरळ व्हर्लीनचं दार वाजवलं. तिच्या टेबलावर वाळलेल्या पावाचा ढीग होता.

"हे काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, तुझं बिनसलंच तर असावं हाताशी."

"माझी अडचण तुला माझ्याआधी कळली. धन्य आहेस. दे तो पाव."

"मी का देऊ?"

"माझा क्लोव्हिसनं खाल्ला."

ती हसत हसत खुर्चीत बसली. तिचं हसू ओसरेपर्यंत मी थांबले.

"नको देऊस," मी म्हणाले. "मी नानानला खरं तेच सांगेन. पाव नवऱ्यानं खाल्ला, व्हर्लीनकडे ढीगभर होता, तिनं दिला नाही. मान तुला मिळेल. पण न लढताच जिंकलीस, असं तुझ्या तेराव्या नातवालाही ऐकवतील लोक."

"अननस घालशील?"

"मेले तरी नाही."

"कोडगी आहेस," असं म्हणत तिनं पाव पिशवीत भरले आणि ती माझ्यामागोमाग निघाली. "पाव माझा आहे. त्याचं काय करतेस ते बघणार मी."

मी पाव कुस्करला, दूध ओतलं, जायफळ किसलं, मनुका टाकल्या. न सांगता तिनं अंडी फेटायला घेतली, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरी फेटली.

जेवण उरकलं आणि मी पुडिंग आणलं. वरचा व्हिस्कीचा सॉस गरमच लागतो, म्हणून ज्याचा मान त्यानं उभं राहून एकेकाच्या ताटलीत तो वाढायचा. पहिली ताटली नानानला. तिनं घास घेतला आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. ती सावकाश खात राहिली. ताटली रिकामी झाली तशी तिनं ती पुढे केली.

"आणखी वाढ. मान तुझाच."

मला वाटलं होतं तसंच झालं. मी तिला आणखी वाढलं आणि मग एकेकाच्या ताटलीत सॉस ओतत पुढे गेले.

"नानान," व्हर्लीननं धीर करून विचारलं, "पण तू सोडलास का? तब्येत..."

"तब्येतीला काय धाड भरलीय? इतकी वर्षं मी इथे सॉस घेऊन उभी. तुमचं सगळ्यांचं होईपर्यंत माझ्या वाट्याला यायचं ते कडेचं, गार झालेलं. गरम पुडिंग मी कधी खाल्लंच नव्हतं. म्हटलं, एकदा बसून खावं." तिनं चमचा चाटला. "चांगलं असतं गं. तुम्ही एवढा जीव का टाकता, ते आज कळलं."

एवढी माणसं होतो आम्ही, पण तिला बस म्हणायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

व्हर्लीन उठली आणि तिनं माझ्या हातातलं सॉसचं भांडं काढून घेतलं.

"बस तू," ती म्हणाली. "तुझं गार होतंय."

मी बसले. पुडिंग खरोखरच उत्तम झालं होतं.