समोरची रांग

ताई इतकी दमली होती की लिफ्टचं दार उघडल्यावर तिनं लिफ्टलाच “थँक्यू” म्हटलं. बाबा चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या खुदकन हसले.

जागतिक फुटबॉल स्पर्धा तोंडावर आली होती आणि ताई स्टेडियमच्या पूर्वेकडच्या स्टँडची इंजिनिअर. कामं कसली, मारुतीचं शेपूट नुसतं! एक नळ दुरुस्त करावा तर दुसरा रुसायचा. घरी ती फक्त झोपायला जायची, तेही कधीमधी. ती दारात दिसली की बाबा आईला हाक मारायचे, “अगं, पाहुणी आली, पाणी दे!” ताई हसायची, पण ते तिला लागायचंच.

आज चाचणीचा सामना होता. स्टँड गावातल्या लोकांनी फुल्ल भरला होता. तो पार पडला की अहवालावर ताईची सही, आणि मग तिची सुटका, लांबलचक रजा! बाबा शाळेत खेळाचे मास्तर होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांनी मैदान पाहिलं नव्हतं. म्हणून ती हट्टानं त्यांना घेऊन आली.

चाकाच्या खुर्च्यांच्या जागेत ताईचा जीव अडकलेला. तपासणीच्या दिवशी ती स्वतः तसल्या खुर्चीत बसली होती, समोरच्या रांगेत तिनं कामगार बसवले होते. या गोलपासून त्या गोलपर्यंत सगळं मैदान स्वच्छ दिसत होतं. काही म्हणता काही खोट नव्हती.

“अरे आंधळ्या, ऑफसाइड होता तो!” बाबा रेफरीवर खेकसले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा चढला होता. ताईचा शीण निम्मा पळाला.

मग चेंडू गोलच्या तोंडाशी आला आणि अख्खा स्टँड ताडकन उभा राहिला.

बाबांच्या समोर नुसत्या पाठी. पाठी आणि एका जाड्या माणसाचा पट्टा. त्यांनी मान डावीकडे ताणली, उजवीकडे ताणली. गोल झाल्याचा गलका उठला तसं त्यांनीही टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ताई त्यांच्या मागेच उभी होती. तपासणीच्या दिवशी कामगारांना बसा म्हटलं, ते बिचारे खुशीनं बसून राहिले. पण गोलच्या वेळी खुर्चीला कोण चिकटून बसतं? शेंबडं पोरही सांगेल! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सामना संपल्यावर ती खुर्ची ढकलत गाडीकडे निघाली.

“काय हेडर मारला गं पोरानं!” बाबा म्हणाले. “डोळ्यांचं पारणं फिटलं बघ.”

हेडर कसला, चेंडू पाहुण्या संघाच्याच एकाच्या गुडघ्याला आपटून आत गेला होता. ताईला रडू आवरेना. “हो बाबा,” एवढंच ती कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. दुसरा हात खुर्चीवर हवा म्हणून तिनं स्पीकर लावला.

“काय ताई, वडील खूश ना? नीट दिसलं ना त्यांना? मग आजच सही करून टाका आणि जा घरी. झोपा काढा मस्त.”

घरी. त्या शब्दासरशी ती खुर्ची ढकलायची थांबली. बाबांनी मान वळवून हळूच म्हटलं, “दिसलं म्हण की गं. माझं काय जातंय?”

ताईनं डोळे मिटले. “नाही दिसलं, साहेब. गोलच्या वेळी काहीच दिसलं नाही त्यांना. समोरच्या दोन रांगा काढाव्या लागतील.”

“अहो, तिकिटं विकली गेलीत! आता कोण करणार हे?”

“मी करते. आहे मी इथेच.”

साहेबांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधूनही आला. मग फोन बंद झाला.

गाडीपाशी आल्यावर बाबांनी तिचा हात धरला.

“मला सगळं दिसलं होतं गं,” ते पुन्हा तेच खोटं बोलले. “तू घरी येशील, एवढंच बघायचं होतं मला.”