जळलेला पांढरा

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना पडदा आहे. खिडकीच्या पडद्याला निदान वारा लागतो, मला इथे माळ्यावर तेही सुख नाही. माझ्या एका कोपऱ्यात काळा डाग पडला आहे आणि पाठीवरून पाली ये-जा करतात. माझे ऐकायला कोणी नाही म्हणून तुम्हालाच सांगतो.

कारखान्यात मला लाल, हिरवा आणि निळा असे तीनच रंग दिले आणि एवढ्यावर सगळे जग दाखव म्हणाले. थर्माकोलच्या खोक्यातून निघालो तो थेट एका फोटो स्टुडिओत. मालकांना सगळे मास्तर म्हणत. ते रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "याच्यावर माणूस आहे त्याहून बरा दिसतो." मी आपला फुगून जायचो.

मास्तरांचा हात मायेचा होता, पण त्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती, उजळवणे. ओळखपत्राचा फोटो असो की लग्नाचा, गिऱ्हाईक म्हणायचे, "जरा गोरा करा हो," आणि मास्तर उजेड वाढवायचे, रंग चढवायचे. बदललेला फोटो मूळ फोटोवरच साठवायचे आणि कॅमेऱ्याचे कार्ड पुसून, रिकामे करून परत द्यायचे. लोकांना ती सेवाच वाटायची.

एकदा एक पाणबुड्या असेच कार्ड घेऊन आला. तो आणि त्याचा जोडीदार बंदरात जहाजांचे तळ खरवडायचे. काम सुरू करताना पाण्याखाली फोटो काढायचा, अशी त्यांच्याकडे रीत होती. त्या दिवशी फोटो काढून झाले आणि थोड्या वेळाने जोडीदाराची हवेची नळी अडकली. वर आणला तेव्हा तो गेलेला होता.

"वहिनींना द्यायचेत," पाणबुड्या म्हणाला. "जरा बरे करून द्या."

पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो, म्हणून फोटो निळे-हिरवे होते. मास्तर हळहळले. "सगळं कसं आजारी दिसतंय," म्हणाले आणि त्यांनी नेहमीसारखा उजेड चढवला, लाल चढवला. पाणी शाईसारखे झाले, गंजलेला तळ कुंकवासारखा झाला. जोडीदाराचा चेहरा एकाच फोटोत होता आणि त्यावर आधीच बॅटरीचा झोत होता. तो चेहरा पांढरा होत गेला. मग मास्तरांनी फोटो साठवला आणि कार्ड रिकामे केले.

काही दिवसांनी जोडीदाराची बायको फोटो घेऊन आली. रागावली नव्हती. "ह्यांचा चेहराच नाही यात," एवढेच म्हणाली.

मास्तरांची सून माझ्यासमोर बसली. तिने चढवलेला रंग उतरवला, उजेड उतरवला. निळे पाणी परत आले, दोराची गाठ आली, हातमोज्याची शिवणसुद्धा आली. चेहऱ्याच्या जागी मात्र पांढऱ्याचा राखाडी झाला, बाकी काही नाही.

"हा जळलेला पांढरा आहे, ताई," सून म्हणाली. "काळोखात दडलेलं काढता येतं. यात आता खाली काहीच नाही. तुमच्याकडचा दुसरा फोटो असेल तर त्यातला चेहरा बसवते."

"तो चेहरा आहे माझ्याकडे. मला त्या वेळचा हवा होता." बाईने फोटो टेबलावर ठेवला. "सकाळी म्हणाले होते, आज जाऊ नये असं वाटतंय. मीच म्हटलं, काही होत नाही, जा. मास्तर, तुम्ही बघितला असेल ना? घाबरलेले होते का हो?"

मास्तर खोटे बोलू शकले असते. ते म्हणाले, "मी नीट बघितलंच नाही, ताई. हात चालत गेला."

ती फोटो तिथेच ठेवून गेली. त्यानंतर मास्तर माझ्यासमोर बसेनात. मग माझ्यावर डाग पडला, नवा पडदा आला आणि मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, फोटो सुधारायचा असेल तर मूळ प्रत आधी बाजूला ठेवा. आणि हात लावण्यापूर्वी समोरच्या माणसाकडे एकदा नीट बघा. मास्तरांनी बघितले नाही, पण मी बघितले होते. जोडीदाराच्या मुखवट्याच्या काचेआड गालाला खळी पडली होती. कॅमेरा धरलेला मित्र काहीतरी खाणाखुणा करत असावा आणि हा हसू दाबत होता. उजेड वाढत गेला तशी आधी खळी गेली, मग हसू गेले, मग डोळे.

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. ती बाई कधी भेटली तर तिला एवढे सांगा, की तो हसत होता.