पहिल्यासारखा

करगोटा हातात आला तेव्हा अजून कोमट होता... कमरेचा काळा दोरा, घामाने तेलकट झालेला, गाठीपाशी कात्रीने कापलेला. सिस्टरने तो पायजम्याच्या नाडीसकट रुचिताच्या ओंजळीत टाकला. "वॉर्डात दोरी चालत नाही. कुणी गळ्याला आवळून घेतली म्हणजे?" नियम बरोबरच होता – पण जित्या माणसाचा करगोटा कुणी तोडतं का? तिच्या कोळीवाड्यात तो तुटतो तो माणूस गेल्यावरच. खाटेवर विनेश, तिचा नवरा, एका मुठीत पायजमा धरून बसला होता आणि दुसरा हात उंचावून वाऱ्याला हुकूम सोडत होता.

बाहेर बाकावर सासरा, अंबाजी. सकाळपासून त्याचं एकच पालुपद. "सही करू नको गो. दर्या खुला व्हायला आलाय. आपल्या बोटीचा तांडेल येड्यांच्या वार्डात हाय, हे कळला तं कोन खलाशी बोटीव चढंल?" भरतीच्या कागदावर सही रुचिताचीच लागणार होती. आणि म्हातारा खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत.

पण ती अडली होती ती बोटीपायी नव्हे.

इतक्या वर्षांचा संसार, आणि विनेशच्या तोंडाला कुलूप. दर्यावरून यायचा, जेवायचा, आडवा व्हायचा. लेक झाली तेव्हासुद्धा दारातून बघून जाळं सांधायला निघून गेला. आणि या पावसाळ्यात, मासेमारी बंद होऊन बोटी शाकारून झाल्यावर, एकाएकी बोलायलाच लागला... रात्र रात्र जाळी सांधायचा आणि बोलायचा. आळीने तोंडभर कौतुक केलं – कामाला वाघ आहे म्हणाले; कोळ्याच्या घरात जागरणाला आजार कोण म्हणणार? ती समोर बसून ऐकायची. बोर्लीच्या बाजारात त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती गिऱ्हाइकाशी कशी हातवारे करून भांडत होती, हे त्याला आठवत होतं! तुझ्या हाताला सुकटीचा वास येतो तो मला आवडतो, म्हणाला. आणि ती, मूर्ख बाई, सुखावून गेली... उजाडूच नये असं वाटायचं तिला.

मग परवा त्याने भाविकाला, शाळेत जाणाऱ्या लेकीला, होडीत बसवलं आणि होडी उधाणात लोटून स्वतःही चढला – दर्या माझं ऐकतो म्हणून. आळीतल्या चौघांनी उड्या घेतल्या म्हणून दोघं हाती लागली. भाविका अजून झोपेत किंचाळते.

दुपारी डॉक्टरांनी तिला आणि अंबाजीला आत बोलावलं. "ताई, आत्ता घरी नेलंत तर पुन्हा कुणाच्या तरी जिवावर बेतेल. राहू द्या इथे. औषधाने झोप लागेल, बडबड कमी होईल."

"मंग?" अंबाजीने विचारलं.

"मग अगदी पहिल्यासारखे होतील."

पहिल्यासारखे... अंबाजीचे हात आपोआप जोडले गेले. त्याला त्याचा तांडेल परत मिळत होता. "कर गो सही," तो पुटपुटला. आता तोही तयार, आणि तिचाच हात उठेना. भाविकाचा काळानिळा पडलेला चेहरा तिने डोळ्यांपुढे आणला, मुद्दाम आणला, आणि सही केली.

इंजेक्शननंतर विनेश आडवा झाला. जीभ जड झाली होती. "रुचे... सगला मीच बोललो. तू काय न्हाय बोललीस. बोल ना गो."

वेडा होता तो, पोटच्या पोरीच्या जिवावर उठलेला – आणि तिच्या वाट्याला नवरा म्हणून आला तो एवढाच. आता दुसरा येईल, तो मुका. त्याच्याबरोबर आयुष्य काढायचं. शहाणा असेल तो, कष्टाळू असेल, लोक म्हणतील बाईचं नशीब थोर. तिला रडूही येईना. ती त्याच्या कानाशी वाकली आणि घाईघाईने बोलू लागली... काहीही, आईचं, माहेरच्या ओट्याचं, तो दर्यावर असला की तिला अन्न गोड लागत नाही हेसुद्धा, जे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा श्वास संथ होत चालला होता, बहुधा ऐकूही येत नव्हतं त्याला, आणि तिला थांबायचा धीर होईना.