निकेशची पेटी

पेटीचे तीन स्क्रू निघाले, चौथा गंजून बसला होता. अश्वजितने पेचकस त्याच्या खाचेत रुतवला आणि मनगटाचा जोर लावला. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उकिडवी बसलेली अंजनाबाई त्याच्या हाताकडे बघत होती. पलीकडे तिची धानाची बांधी, लोंबी भरलेली, कापणीला आलेली. बांधीच्या पलीकडे लगेच जंगल.

"दोन रोजपासून आवाज बसला, भाऊ," ती म्हणाली. "सर्दी झाल्यावानी."

"ओल गेली असन आत."

पेटी त्याच्याच हातची होती. मूल गावच्या बाजारओळीत त्याचं रिपेरिंगचं दुकान होतं, आणि कचरागाडीवर जे गाणं वाजतं ते वाजवणाऱ्या पेट्या तो काही वर्षं बनवून देत असे. मग नव्या गाड्या भोंग्यासकटच यायला लागल्या आणि उरलेल्या पेट्या दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडल्या. त्या निकेशने उचलल्या. निकेश त्याचा शाळेपासूनचा दोस्त. समोरच्याच ओळीत त्याचं कृषी केंद्र. त्याने कचऱ्याचं गाणं काढून माणसाचं बोलणं भरलं आणि पेटी वावरात खांबाला टांगली. फटाके, डबे, भोंगे यांना रानडुकरं चार दिवसांत सरावतात. पण कोणी गप्पा मारत बसलंय असं वाटलं की ती धुऱ्याबाहेरच थबकतात, कान देतात आणि माघारी वळतात. दोन हंगामांत पेटी मूलपासून मुलचेऱ्यापर्यंत गेली. लोक तिला निकेशची पेटी म्हणत.

अश्वजित अजूनही त्या बनवून देत होता. निकेशच्या दुकानापुढे गाड्या थांबल्या की तो आपल्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेई, ऊन येतं म्हणून. आज निकेश गडचिरोलीला कृषी मेळाव्यात होता, मंचावर बसायला. तिथूनच त्याने फोन केला होता.

"तू जाऊन ये ना गा अंजनाबाईकडं. तुयाच हातची हाय."

तुयाच हातची. हे तो फोनवर म्हणे. मंचावर म्हणत असेल असं अश्वजितला वाटत नव्हतं.

स्क्रू सुटला. स्पीकरची एक तार ओलीने हिरवी पडली होती. त्याने ती खरवडली, पिळून बसवली. वावरात टांगलेली पेटी चालू असताना त्याने आजवर ऐकली नव्हती. दुकानात तो जुन्या कचऱ्याच्या गाण्यावरच ती तपासून देई. बोलण्याची चिप निकेश आपल्याकडे घाली. कोणाचा आवाज आहे म्हणून विचारलं, तर 'घरच्याच बाईचा' एवढंच तो म्हणाला होता, आणि अश्वजितने निकेशची बायको रीना डोळ्यांपुढे आणली होती.

त्याने बटण दाबलं.

"...तं वरात निघून गेली पुढं, आन नवरदेव ट्रॅक्टरच्या टालीतच झोपून! मावशी म्हणते, मोजा वो मानसं, एक कमी दिसून राह्यला..."

आणि पाठोपाठ हसू. आधी नाकातून, मग आवरता न आवरणारं.

अश्वजितचा हात पेटीवरच राहिला. तो रोशनीचा आवाज होता, त्याच्या बायकोचा. हे हसू त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षात कधीतरी ऐकलं होतं. आता घरी ती जेवायला वाढते, गॅस संपला म्हणते, पोरीच्या शाळेची मीटिंग आहे म्हणते. या वरातीची गोष्ट तिने त्याला कधी सांगितली नव्हती.

"हां, आला आवाज," अंजनाबाई खुलून म्हणाली. "लय गोष्टी हायत तिच्यापाशी. पेटी लावून मी घरी जाते म्हणते, पन पाय निघत नाई. कोनाची बाई हाय, भाऊ? तुमाले मालूम असन."

"नाई मालूम."

निकेशपुढे बसून ती अशी हसली. दार उघडं होतं की लावलेलं? त्याने अंजनाबाईकडे पाठ केली, चिप नखाने ओढून काढली आणि दोन बोटांत धरून वाकवली. ती लहानसा आवाज करून तुटली. बांधीवर एकदम शांतता पसरली.

"चिप जळली," तो म्हणाला. "उद्या आनून देतो."

"मंग आज?"

त्याने पेचकस पिशवीत टाकला. अंजनाबाईचा मुलगा घुग्घुसला खाणीत होता. पेटी नव्हती तेव्हा ती एकटी मचाणावर बसून डबा बडवत रात्र काढी. मागच्या आठवड्यात बांधीमागच्या नाल्यात वाघाची पावलं उमटली होती. हे सगळं त्याला माहीत होतं. त्याने गाडीला किक मारली.

घरी रोशनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. पोरगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. त्याने तुटलेली चिप घडी केलेल्या टॉवेलवर ठेवली.

"काय हाय हे?"

"तुयं बोलनं."

तिने चिप उचलून पाहिली, परत ठेवली. ती दचकली नाही याचाच त्याला जास्त राग आला.

"किती डाव गेली त्याच्याकडं?"

"एकच दुपार. निकेशभाऊ तं फोनात रेकॉर्डिंग चालू करून दुकानात जाऊन बसले. गोदामात रीना होती. ते विचारत गेली, मी सांगत गेली."

"आन मले सांगतलं नाई."

"तुमालेच पह्यले सांगतलं."

"कवा?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमी सोल्डर मारून राह्यले होते. मी म्हणलं, कचऱ्याच्या पेट्या पडल्या हायत तं वावरात लावा. गानं नका ठेवू, मानसाचं बोलनं ठेवा. माह्या बापाच्या वावरात आमी भैनी रातभर बोलत बसाचो, डुकरं येत नव्हते." तिने एका सदऱ्याच्या बाह्या मागे दुमडल्या. "तुमी म्हणले, हं. मी अजून दोनदा सांगतलं. मंग रीनाले सांगतलं."

त्याने आठवून पाहिलं. सोल्डरचा धूर आठवला, तापलेल्या पत्र्याचा वास आठवला. बाकी काही आठवेना. निकेशचा हेवा इतके दिवस त्याच्या छातीत बोराटीच्या काट्यासारखा रुतून होता, आणि आता तो नेमका कोणाचा करावा हे त्याला कळेनासं झालं.

"कोनत्या वावरातली हाय हे?" तिने विचारलं.

"अंजनाबाईच्या."

"आन ते आता?"

त्याने टॉवेलवरची तुटलेली चिप उचलून खिशात टाकली. रोशनीने घड्या पलंगावर सरकवल्या, पोरीला शेजारच्या वच्छलाबाईकडे बसवून आली आणि शाल घेऊन गाडीपाशी उभी राहिली.

दिवस बुडून घटकाभर झाला होता. धुऱ्यापाशी गाडी थांबली तेव्हा मचाणावरून डब्याचा खडखडाट येत होता, थकलेला, थांबून थांबून.

"कोन हाय?"

"मी हाव, बाई. रोशनी."

डबा थांबला. काळोखात अंजनाबाई आवाजाच्या दिशेने वाकली.

"तू व्हय का वो ते पेटीतली!" ती म्हणाली. "ये, वर ये."

रोशनी पदर खोचून वर चढली. दोघी शालीत गुडघे घेऊन बसल्या. अश्वजित खाली मचाणाच्या खांबाला टेकून उभा राहिला. रोशनीने घसा साफ केला. जंगलाच्या अंगाला पाचोळा करकरला.

"बोल ना," अंजनाबाई म्हणाली.

रोशनीने खाली पाहिलं.

"तुमी जरा तिकडं जाता का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मले सुचत नाई."

तो बॅटरी घेऊन निघाला. एक बांधी ओलांडली, दुसरी ओलांडली. शेवटच्या धुऱ्याशी, जिथून जंगल सुरू होतं, तिथे पोचला तेव्हा मागे आवाज सुरू झाला. आधी हळू, मग मोकळा. मधेच अंजनाबाईचं काही विचारणं, आणि मग ते हसू, नाकातून सुटलेलं. शब्द मात्र इथवर येत नव्हते.

तो ऐकत उभा राहिला. मग बॅटरी विझवून, ओल्या गवतात पाय दाबत, दोन पावलं मचाणाकडे सरकला. करड गवताची एक वाळकी काडी पायाखाली मोडली.

मचाणावरचं बोलणं थांबलं.

तो श्वास धरून उभा होता. आवाज परत येईना, तेव्हा तो आल्या पावली मागे सरला, आधी धुऱ्यावर आणि मग धुऱ्याच्याही पलीकडे, जंगलाच्या अंगाला.